पुरानंतर सहा वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करते, पाऊस आला की बिलगून बसते. डॉक्टरांकडे न्यावं का?

लगेच नको, घरात पाणी शिरून दोन-तीन आठवडेच झाले असतील, तर बहुतेक मुलांत हे हळूहळू ओसरतं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर वर्गात हेच पाहिलं. लहान मूल भीती बोलून दाखवत नाही, सुटलेल्या सवयी परत येतात. रागावू नका, चादर गुपचूप बदला. जेवणा-झोपेच्या वेळा पूर्वीसारख्या ठेवा, शाळा बुडवू नका. तिच्यासमोर पुराचे व्हिडिओ अजिबात नकोत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारलीच तर नुसता आकडा सांगू नका. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि आपण त्याआधीच निघणार, म्हशीला घेऊन, हे सांगा. (पोरांना जनावरांचीच काळजी जास्त!) बाहुलीला नावेत बसवून ‘पूर-पूर’ खेळत असेल तर खेळू द्या, मन मोकळं होतं. मात्र महिना उलटूनही फरक नसेल, किंवा त्याआधीच खाणं-बोलणं तुटलं, तर थांबू नका: कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.