पितळी फिटिंग आवळूनही गळतंय? आधी टेप काढा

तुमचं घर मालवणला किनाऱ्याजवळ, पाणी विहिरीचं. सोलरच्या तांब्याच्या पाइपावरची पितळी कॉम्प्रेशन फिटिंग टेप गुंडाळून दोनदा आवळली तरी थेंब पडतोय, आणि नवी घ्यायची तर कोणती, असं विचारलंय. मी रत्नागिरीत नळकाम करतो, रोज हेच हातात असतं.

आधी ती टेप काढा. या जोडात पाणी आट्यांनी अडत नाही, आतल्या रिंगेनं म्हणजे फेरूलनं अडतं. नट फक्त तिला पाइपावर दाबतो. टेप लागते ती नळाच्या आट्यांना. एकदा दाबलेली फेरूल पुन्हा वापरू नका.

गेल्या पावसाळ्यात एका घरी असाच जोड चार वेळा आवळून झाला होता. उघडला तर पाइप तळापर्यंत गेलेलाच नव्हता, आणि फेरूलखाली पाइपावर उभा ओरखडा. नखाला लागेल एवढाच, पण पाणी तिथूनच येत होतं. तेवढा तुकडा कापून टाकला, नवी फेरूल घातली, गळती थांबली.

म्हणून पाइप करवतीऐवजी पाइप कटरनं काटकोनात कापा, आतली-बाहेरची कड कानशीनं साफ करा. नट, मग फेरूल चढवा आणि पाइप पार टेकेपर्यंत आत ढकला. नट हातानं फिरेल तेवढा फिरवून मार्करनं खूण करा. एका पान्यानं फिटिंग धरून दुसऱ्यानं एक ते सव्वा फेरा. पाणी सोडून बघा, पाझरलं तरच किंचित आणखी. जास्त आवळलं की फेरूल पाइपच चेपते.

दुकानात पाइपाचा तुकडा घेऊन जा. 15 मिमीचा पाइप आणि एसीचा 12.7 मिमीचा, दोघांनाही सर्रास ‘अर्धा इंच’ म्हणतात. फेरूल हातानं सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

पितळ मात्र डीझेडआर, म्हणजे जस्त सहज न सुटणारं मागा, काहींवर ‘सीआर’ कोरलेलं असतं. खारट पाण्यात साध्या पितळातलं जस्त निघून जातं, मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. खाडीकाठच्या घरांतून असे तुकडे मी बरेच काढलेत. जोड चिऱ्याच्या भिंतीत गाडू नका, उघडा ठेवा. आणि पाइप गोठ्याजवळून जात असेल तर तिथे पितळी जोड नकोच. शेणमुताच्या अमोनियानं आवळलेला नट तडकतो.