गणितच शिकायचे असेल, तर अकरावीला चौथा विषय कोणता घ्यावा?

तुमची दहावी नुकतीच झाली आहे आणि पुढे गणितच शिकायचे हे तुम्ही ठरवले आहे. भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सी.एम.आय.) आणि पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) ही तीन नावे तुमच्या मनात आहेत, पण अकरावीच्या ऑनलाइन अर्जात बायोलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स की कॉम्प्युटर सायन्स, इथे घोडे अडले आहे. त्यातच काकांचे म्हणणे असे की, गणितच करायचे असेल तर फिजिक्स-केमिस्ट्रीचे ओझे कशाला, कॉमर्सला मॅथ्स घे आणि मोकळी हो. मी तुमच्याच नाशिकमध्ये एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोर दरवर्षी येतो, आणि अकरावीला जाताना मी स्वतः त्याचे उत्तर चुकवले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. सांख्यिकी संस्थेच्या कोलकात्याच्या बी.स्टॅट. (संख्याशास्त्र) आणि बंगळुरूच्या बी.मॅथ. (गणित) या पदवी अभ्यासक्रमांची आजवरची अट एवढीच राहिली आहे की बारावीला गणित आणि इंग्रजी हे विषय असावेत. फिजिक्सची सक्ती नाही. त्यामुळे आर्ट्सला गणित घेतलेला विद्यार्थीही तिथे बसू शकतो. मात्र आपल्या राज्य मंडळात ‘गणित व संख्याशास्त्र’ या एकाच नावाखाली दोन वेगळे विषय आहेत, एक कला व विज्ञान शाखांचा आणि दुसरा वाणिज्य शाखेचा, आणि घरातल्या मोठ्यांना हा फरक सहसा ठाऊक नसतो. वाणिज्यच्या पुस्तकात कमिशन, दलाली, विमा, निर्देशांक, कालमाला अशी प्रकरणे आहेत. त्रिकोणमिती, सदिश, रेषा आणि प्रतल ही प्रकरणे नाहीत. त्या विषयांना मी कमी लेखत नाही, पण त्रिकोणमितीशिवाय या प्रवेश परीक्षांना बसणे म्हणजे तिन्ही पेपर एका हाताने सोडवण्यासारखे आहे.

शिवाय बाकीचे दरवाजे बंद होतात. आयसरला विज्ञान शाखेची बारावी लागते आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी या चारपैकी किमान तीन विषय असावे लागतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा २०११ मध्ये सुरू झालेला चार वर्षांचा संशोधनाभिमुख पदवी अभ्यासक्रम असो किंवा आयआयटी मुंबईची गणितातली बी.एस. पदवी असो, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या त्रिकुटाशिवाय चालत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत या तिन्ही विषयांचे वजन सारखे असते. गणित शिकण्यासाठी आयआयटीत जायचे असेल तरी रांगेतला क्रमांक केमिस्ट्रीही ठरवते. हे कोणाला अन्यायाचे वाटते, मलाही थोडेसे वाटते, पण नियम आहे तो आहे. आणि ज्या बी.मॅथ.ला फिजिक्सची अट नाही, तिथे आत गेल्यावर मात्र फिजिक्सचे पेपर अभ्यासक्रमातच आहेत. म्हणून फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घ्या, यावर फार विचार करू नका.

आता बायोलॉजी. आयसरच्या प्रवेश परीक्षेत तीन तासांत ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे १५-१५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, एकूण २४०. म्हणजे गणित शिकायला निघालेल्या मुलीच्या परीक्षेतले तीन चतुर्थांश गुण गणिताबाहेरचे आहेत आणि त्यांतले ६० बायोलॉजीचे. हे आकडे पाहिले की पालक लगेच म्हणतात, मग बायोलॉजी घ्यायलाच हवे. मला तसे वाटत नाही. त्या पंधरा प्रश्नांसाठी दोन वर्षे बायोलॉजीची प्रॅक्टिकल्स, आकृत्या आणि जर्नल सांभाळणे हा महागडा सौदा आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मुलांनी अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तके शेवटच्या काही आठवड्यांत कादंबरीसारखी वाचली, येतील तेवढेच प्रश्न सोडवले आणि बाकीचे कोरे सोडले. अर्थात तुम्हाला बायोलॉजी मनापासून आवडत असेल, तर घ्या. आवडणारा विषय वेळ खातो तेव्हा त्याचा त्रास होत नाही.

बायफोकलबद्दल मात्र मी अनुभवाने बोलतो. बायफोकल म्हणजे दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एकच व्यावसायिक विषय, जसे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स. आमच्या वेळी ‘इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे स्कोअरिंग’ हे वाक्य कॉलेज रोडवर वाऱ्यासारखे फिरत होते आणि मीही त्याला भुललो. गुण मिळाले, खोटे सांगणार नाही. पण आठवड्यातल्या दोन दुपारी सोल्डरिंगच्या धुरात जायच्या, रविवारची सकाळ जर्नलमध्ये सर्किटच्या आकृत्या काढण्यात जायची, आणि रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचा क्रम मला आजही झोपेत म्हणता येतो, ज्याचा गणिताला काडीचा उपयोग झालेला नाही. बोर्डात गणितात शंभरापैकी ९७ गुण पडले. त्याच वर्षी सांख्यिकी संस्थेच्या परीक्षेसाठी आदल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. सकाळचा पर्यायांचा पेपर बरा गेला. दुपारचा लेखी पेपर उघडला आणि लक्षात आले की यातल्या एकाही प्रश्नाला ‘सूत्र’ नाही. एका प्रश्नाचे उत्तर मला दिसत होते. काही उदाहरणे घेऊन पाहिली, प्रत्येक वेळी तेच येत होते. पण तेच का येते, हे कागदावर लिहायला मला कोणी शिकवले नव्हते आणि शिकायला मी स्वतः वेळ ठेवला नव्हता. निवड झाली नाही. दोष ना इलेक्ट्रॉनिक्सचा, ना कॉलेजचा. दोन दुपारी कुठे खर्च करायच्या, याचा हिशेब मी गुणपत्रिकेकडे बघून केला होता.

कॉम्प्युटर सायन्सची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ते गणिताच्या जवळचे आहे असे सगळ्यांना वाटते. मंडळाच्या अभ्यासक्रमात सी++ आणि डेटा स्ट्रक्चर आहे, ते चांगलेच आहे. पण त्याच्याच शेजारी ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या आज्ञांची घोकंपट्टीही आहे. उलट सी.एम.आय.मध्ये प्रोग्रॅमिंगची सुरुवात अनेक वर्षे हॅस्केल या भाषेपासून होत आली आहे. ती भाषा बारावीत कोणीच शिकलेले नसते, त्यामुळे वर्गात सगळे एकाच रेषेवर उभे असतात. प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर घरी शिका. त्यासाठी २०० गुणांचा विषय घेण्याची गरज नाही. ज्यांना विषयांची जुळवाजुळव हलकी ठेवायची असते ती मुले मराठीसोबत भूगोल किंवा मराठीच्या जागी आयटी घेतात, आणि जिथे कॉलेज परवानगी देते तिथे ही चांगली सोय आहे. मराठी आणि आयटी यांत निवड करायची असेल, तर माझे मत मराठीच्या बाजूने आहे. चार वाक्यांचा युक्तिवाद ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ या शब्दांनी नीट बांधता येणे ही सवय सिद्धता लिहिताना अक्षरशः उपयोगी पडते.

हे सगळे वेळ वाचवण्यासाठी. वाचलेल्या वेळेत करायचे काय, हे दाखवायला आपल्याच गावातले उदाहरण घेतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, पण संख्यांचा नाद जन्मभर होता. त्यांच्या नावाचा स्थिरांक ६१७४ तुम्ही ऐकला असेल. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे ते हलत नाही. इथवर गंमत झाली. आता सांख्यिकी संस्थेच्या लेखी पेपरातला माणूस विचारेल: प्रत्येक वजाबाकी ९ ने भागली जाते, हे सिद्ध करा. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ मानले, तर फरक ९९९(क − घ) + ९०(ख − ग) येतो. दोन्ही पदे ९ च्या पटीत आहेत, झाले. पण या एका ओळीत आणखी काही दडलेले आहे. फरक फक्त दोन गोष्टींवर अवलंबून आहे: क − घ, जो १ ते ९ असतो, आणि ख − ग, जो शून्यापासून जास्तीत जास्त क − घ एवढा असतो. अशा जोड्या मोजा: २ + ३ + … + १० = ५४. म्हणजे सुरुवात नऊ हजारांच्या आसपास संख्यांपैकी कोणत्याही संख्येने करा, पहिल्या पायरीनंतर ५४ च शक्यता उरतात, आणि त्या वहीवर एका संध्याकाळी तपासून संपवता येतात. कॅल्क्युलेटरवर दहा उदाहरणे करून ‘नेहमी ६१७४ च येते’ म्हणणे आणि या ५४ जोड्यांपर्यंत पोहोचणे यांतले जे अंतर आहे, ते मला त्या दुपारी मुंबईत पार करता आले नव्हते.

मंडळाच्या पुस्तकात याची तयारी फार थोडी होते. गणिती अनुमान (इंडक्शन), क्रमचय-संचय आणि संच हे अकरावीच्या पुस्तकात आहेत, पण संख्यासिद्धान्ताचे, म्हणजे संख्याशास्त्र नव्हे तर पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचे, एकही प्रकरण नाही. ती उणीव गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेच्या तयारीतून भरून निघते. आयओक्यूएम या तिच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या असते. तिथेही बीजगणित, भूमिती, संख्यासिद्धान्त आणि मोजणी हेच चार खांब आहेत. तिथे निवड झाली नाही तरी अभ्यास वाया जात नाही, कारण सांख्यिकी संस्था आणि सी.एम.आय. या दोन्हींचे पेपर त्याच वळणाचे असतात. सांख्यिकी संस्थेच्या लेखी पेपरात अलीकडच्या वर्षांत दोन तासांत आठ प्रश्न आले आहेत. एका प्रश्नाला पंधरा मिनिटे; बोर्डाच्या सवयीला हे ऐषारामी वाटते, आणि प्रत्यक्षात पुरत नाही.

परदेशाचा विषय तुम्ही काढलेला नाही, म्हणून एवढेच: ब्रिटनमधली मोठी विद्यापीठे गणितासाठी मॅथ्ससोबत ‘फर्दर मॅथ्स’ हा विषय मागतात आणि केंब्रिज त्यावर स्टेप नावाची स्वतंत्र लेखी परीक्षाही घेते. आपल्या मंडळात फर्दर मॅथ्सला समांतर विषय नाही, म्हणून तो विचार असेल तर चौथ्या विषयाने काही साधणार नाही. स्टेपचे जुने पेपर सोडवणे हाच मार्ग आहे.

अर्जात विषयांहूनही जपून भरण्याचा रकाना कॉलेजचा आहे. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या परिसरात आता ‘इंटिग्रेटेड’ची पद्धत रुळली आहे: सकाळी सात ते संध्याकाळी पाच, जेईईचे क्लास आणि बोर्ड एकाच छताखाली, दर रविवारी चाचणी. आयआयटी हेच ध्येय असेल तर त्यात वावगे काही नाही. पण या दहा तासांत मुलगी पर्याय निवडायला तरबेज होते आणि दोन वर्षांत तिने लिहिलेले एक पानही कोणी लाल पेनने तपासलेले नसते. म्हणून पसंतीक्रम लॉक करण्यापूर्वी दोन-तीन कॉलेजांत स्वतः जा, ऑफिसमधून गेल्या वर्षीचे अकरावीचे वेळापत्रक मागून घ्या, त्यात प्रॅक्टिकलच्या बॅचेस कोणत्या दुपारी आहेत ते पेन्सिलने खूण करा आणि मोकळ्या दुपारी किती उरतात ते मोजा. मग गणिताच्या शिक्षकांना भेटून विचारा की, आठवड्याला एक सिद्धता लिहून आणली तर तुम्ही ती तपासून द्याल का. जिथे ‘हो, आण’ असे उत्तर मिळेल, ते कॉलेज यादीत वर घ्या, मग त्याचे कटऑफ दोन टक्क्यांनी खाली का असेना.