वाचकांचे प्रश्न : गाण्यातली सृष्टी

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये हार्वेस्ट फेस्टिवलला, म्हणजे सुगीच्या सणाला, पुलपिटापुढं (प्रवचनाच्या मंचापुढं) शाळूची कणसं, कांदे, डाळिंबं मांडतात आणि गाणी सगळी आभाराची. यंदा तरुण संघातल्या एका मुलीनं विचारलं, देवाची सृष्टी आपण नासवतोय त्यावर गाणं का नाही? ख्रिस्ती गीतांत हे कधी आलंच नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आलंय, पण फार उशिरा. आधी बायबलमधलं स्तोत्र 148 काढून बघा, त्यात सूर्य, चंद्र, गारा, वारा, डोंगर, फळझाडं, गुरंढोरं सगळ्यांना देवाची स्तुती करायला सांगितलंय आणि राजे, तरुण, म्हातारे यांचा नंबर पार शेवटी लागतो. असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1225 च्या सुमारास, नजर जवळजवळ गेलेली असताना जे गीत रचलं त्यात सूर्य भाऊ, पाणी बहीण आणि जमीन तर बहीणही आणि आईही! मला स्वतःला याच्यापुढं नंतरची बरीच गाणी फिकी वाटतात.

1712 चं इंग्रज लेखक जोसेफ ॲडिसनचं गीत घ्या, न्यूटनचा काळ, त्यात ग्रहतारे म्हणजे कर्त्याचा पुरावा. मग 1848 चं इंग्रजी गीत 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल', फुलं-पाखरं सगळं गोड, पण श्रीमंत वाड्यात आणि गरीब त्याच्या दारात हेही देवानंच ठरवलंय असं एक कडवं त्यात होतं, पुढं बऱ्याच गीतपुस्तकांनी ते गाळलं ते बरंच केलं. या सृष्टीचं काही बिघडू शकतं हे तिथं कुणाच्या मनातच येत नाही.

1967 ला इतिहासकार लिन व्हाइट यांनी लिहिलं की निसर्गावर सत्ता गाजवायची पाश्चात्य ख्रिस्ती समजूतच पर्यावरणाच्या संकटाच्या मुळाशी आहे, त्यावर खूप वाद झाला. इंग्रज गीतकार फ्रेड प्रॅट ग्रीन यांच्या 1973 च्या गीतात तर सरळ कबुलीच आहे, देवानं ही पृथ्वी आपल्याला उसनी दिली आणि आपण जीवनाचा झरा उगमातच विषारी केला.

आणि आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक? 'केवढे हे क्रौर्य' शाळेत वाचलं असेल, त्यातली घायाळ पक्षीण रक्त गळत असताना पडत-उठत पिलांपाशी पोचते. ही कळवळ आपल्याकडं आहेच. त्यांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली, चाल तयार आहे, तर त्या मुलीलाच लिहू द्या ना, दिवसांआड येणारं नळाचं पाणी, तुमच्या जवळच्या नान्नजच्या माळावरनं जवळजवळ नाहीसा झालेला माळढोक पक्षी, सगळं येऊ दे त्यात. पुढच्या फेस्टिवलला आधी स्तोत्र 148 वाचा, मग तिचं गाणं म्हणा आणि आभाराची त्यानंतर.