कार्बनची घाई नको

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची असून दोन वर्षांपासून टेबल टेनिस शिकते आहे. आतापर्यंत ती तयार बॅटने खेळत असे. आता ब्लेड (बॅटचा मूळ लाकडी भाग) आणि त्यावर चिकटवायचे रबर निवडून बॅट बनवून घ्यावी, असे तिच्या प्रशिक्षकांनी सुचवले आहे. दुकानदार कार्बनच्या ब्लेडचा आणि जाड, वेगवान रबरांचा आग्रह धरतो. मुलीला मात्र बॅकहँडला भारतीय खेळाडू मनिका बत्रासारखे लाँग पिंपल (बाहेरून लांब दाणे असलेले) रबर हवे आहे. आम्ही काय घ्यावे? – एक पालक, नाशिक

उत्तर : आपण सध्या पाच थरांचे, संपूर्ण लाकडी ब्लेडच घ्यावे. स्टिगा कंपनीचे ऑलराउंड क्लासिक किंवा यासाका कंपनीचे स्वीडन एक्स्ट्रा ही या प्रकारातली अनेक वर्षे टिकून राहिलेली नावे आहेत. असे ब्लेड फटक्याच्या वेळी किंचित लवते, आणि चेंडू रबराने घासला गेला की नुसता आदळला, हे हाताला स्पष्ट कळते. वेगवान कार्बन ब्लेडवरून चेंडू लवकर सुटतो. तो टेबलाबाहेर जाऊ नये म्हणून शिकणारी मुले नकळत हात आखडता घेतात, आणि अर्धवट राहिलेला तो टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) पुढे दुरुस्त करणे फार जड जाते.

‘कार्बनचे ब्लेड’ हा शब्दप्रयोगही थोडा फसवा आहे. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच असावा लागतो. कार्बनचा असतो तो थरांमधला एक पातळ पदर. हा पदर बाहेरच्या थराच्या लगेच खाली असेल तर हलक्या फटक्यालाही ब्लेड वेगवान वाटते, मधल्या गाभ्यालगत असेल तर हळू फटक्यात ते बरेचसे लाकडासारखे वागते आणि जोर लावल्यावरच वेग देते. पुढे कधी कार्बनकडे वळायचे झाल्यास हा दुसरा प्रकार आधी पाहावा.

दोन्ही बाजूंना मध्यम कठीणपणाचे सपाट रबर आणि त्याखाली 1.8 ते 2.0 मिलिमीटर जाडीचा स्पंजचा थर पुरेसा आहे. यासाकाचे मार्क व्ही हे साधे, विश्वासू उदाहरण. स्पंजच्या कठीणपणाचे अंश मात्र कंपन्यांच्या मोजपट्टीप्रमाणे बदलतात. हरिकेनसारख्या चिनी रबरावरचे 39 अंश हे सहसा जर्मन रबरावरच्या 45 अंशांहून कठीण निघतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना करू नये. वजनाकडे दुकानदार क्वचितच लक्ष वेधतात. ब्लेड 80 ते 85 ग्रॅमचे असावे आणि रबरांसह पूर्ण बॅट 170 ग्रॅमच्या आसपास राहावी, कारण जड बॅटने लहान मुलांचे मनगट लवकर थकते.

लाँग पिंपलचा विचार आत्ता नको. हे रबर स्वतः फारसा स्पिन निर्माण करत नाही, तर प्रतिस्पर्ध्याचाच स्पिन बऱ्याच अंशी त्याच्याकडे परत पाठवते. मनिका बत्राच्या खेळात त्याला बॅट हातात फिरवून दोन्ही बाजूंची रबरे आलटून पालटून वापरण्याच्या कौशल्याची आणि भक्कम फोरहँडची जोड आहे. मुलीच्या प्रशिक्षकांनी तिची शैलीच तशी घडवायचे ठरवले असेल, तर गोष्ट वेगळी.

ब्लेडवर वाचलेले पैसे वेळच्या वेळी रबर बदलण्यासाठी ठेवावेत. पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चेंडू घसरू लागला की ब्लेड कितीही चांगले असले तरी स्पिन मिळत नाही. रबर घेताना त्यावर आयटीटीएफचे (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचे) चिन्ह आहे ना हे पाहावे आणि चिकटवताना ते मुठीजवळ स्पष्ट दिसेल असे ठेवावे, कारण स्पर्धेत पंच तेच तपासतात.