पहिली गोधडी शिवायला बसण्यापूर्वी

चि.,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजी गेल्यानंतर तिची ट्रंक उघडली, तिच्यात सात सुती लुगडी निघाली, ती बोहारणीला देऊन एखादे पातेले घ्यावे असे घरात कोणीतरी सुचवले, आणि तू काही न बोलता ती लुगडी पिशवीत भरून पुण्याला घेऊन गेलास, हे वाचून मला बरे वाटले. पुढे एका दुकानदाराने त्यांची गोधडी दोन दिवसांत मशीनवर शिवून देण्याचे कबूल केले आणि तेव्हापासून तू अडून बसला आहेस. हाताने शिवण्यात चार महिन्यांचे रविवार घालवण्याला काही अर्थ आहे का, की ही नुसती भावुकता, असे तू विचारतोस. शाळेत तुला व्याकरण शिकवताना मी तटस्थ राहू शकत होते; या बाबतीत ते जमणार नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाच.

आधी एक कबुली देते. माझ्या आईने आणि चुलतीने ज्या गोधड्या शिवल्या, त्या आनंदासाठी शिवल्या नव्हत्या. घरात माणसे अकरा, विकतची पांघरुणे दोन, आणि आमचे गाव कृष्णाकाठचे, तिथे पौषातली पहाट अंगाला झोंबते. म्हणून सुगी आटोपली की पावसाच्या आधीच्या दुपारी त्या दोघी ओसरीवर जुनेर पसरून बसत. यातून तुम्हाला काय मिळते, असे कोणी विचारले असते, तर विचारणाऱ्याला उन्हाचा त्रास झाला आहे असे समजून त्यांनी त्याला पाणी दिले असते. तेव्हा गरिबीच्या कामाला आपण आज कला म्हणतो, त्यात थोडा खोटेपणा असतो, हे तू विसरू नकोस. पण हेही खरे, की चुलतीने एकदा जुन्या लुगड्याचा हिरवा काठ वाकळीच्या बरोबर मध्यावर यावा म्हणून लावलेला सगळा थर उसवून पुन्हा लावला होता. पांघरणाऱ्याला अंधारात तो काठ दिसणार नव्हता आणि ऊबही त्याने वाढणार नव्हती. तो फेरफार तिने कोणासाठी केला, हे मला तेव्हा कळले नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या काठात दिसते.

आता कामाचे बोलू. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली, की पावणेसात फूट लांबीचे चार थर मिळतात आणि पन्हा साधारण चार फुटांचा असतो. एका माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत पुरेल एवढी ती गोधडी होते. जणू लुगडे विणणाऱ्याने त्याच्या म्हातारपणाचीही सोय करून ठेवलेली असावी. दोन लुगड्यांचे आठ थर झाले, की साताऱ्याच्या थंडीलाही ती पुरते. तुझ्याजवळ सात आहेत. त्यांतले एक न कापता, न शिवता तसेच ठेव; कोणते, ते तुझे तू ठरव.

उरलेली धुऊन त्यांची खळ पूर्ण जाऊ दे आणि मग प्रत्येक लुगडे खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. जिथे बाई रोज बसते तिथे लुगडे आधी विरते, आणि ते विरलेले कापड उजेडात जाळीसारखे दिसते. असा भाग आतल्या थरांत घालावा आणि धडधाकट कापड वरखाली घ्यावे. इरकली असेल तर तिचा रेशमी टोपपदर वेगळा काढून ठेव, कारण धुतल्यावर रेशीम आणि सूत एकसारखे वागत नाहीत. तुझ्या आईच्या नायलॉनच्या साड्या यात मिसळण्याचा मोह टाळ. त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात, आणि विरलेल्या सुताला आतल्या आत ओढून फाडतात. खरे सांगायचे तर गोधड्या शिवणे घराघरांतून मागे पडले, त्यात बायांच्या आळसापेक्षा या साड्यांचा वाटा मोठा आहे. जुने झाले तरी मऊ न होणारे कापड घरात साठू लागले, मग शिवायचे तरी काय?

माझ्या पहिल्या गोधडीची गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला घाई होती. थर अंथरल्यावर ते जागोजागी मोठे टाके घालून टाचून घ्यायचे असतात, ते मी घेतले नाही, आणि धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर अंतर ठेवायचे तिथे वीतभर ठेवले. वरून गोधडी देखणी दिसत होती. आमच्याकडे घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. अर्धे गाव त्या दिवसांत घाटावर असते आणि काठावरच्या खडकांवर गोधड्या वाळत पडलेल्या असतात. ओली गोधडी एकट्या बाईला पेलत नाही, दोघींनी दोन टोके धरून ती पिळावी लागते. चुलतीने आणि मी माझी गोधडी पिळली, तेव्हा आतले थर सुटून एका कडेला गोळा झाले आणि एका बाजूला उशी, दुसऱ्या बाजूला फडके, असे काहीतरी आमच्या हातात राहिले. आजूबाजूच्या बायका हसल्या. चुलती हसली नाही. घरी आल्यावर तिने ती मला सबंध उसवायला लावली आणि त्याच दोऱ्यातला जेवढा वाचला तेवढा पुन्हा वापरायला लावला. त्या उसवण्यात मी जे शिकले, ते शिवण्यात शिकले नव्हते.

म्हणून थेट मोठ्या गोधडीला हात घालू नकोस. आधी एक दुपटे शीव. तुझ्या बहिणीला दिवस गेले आहेत असे तू लिहिलेच आहेस, तेव्हा कारणही आयते आहे. आपल्याकडे तान्ह्या बाळाला आधी नवे कापड न घालता घरातल्या थोरांच्या जुन्या कापडात गुंडाळतात, आणि त्यामागे आशीर्वादाची कल्पना असली तरी साधा व्यवहारही आहे, कारण शंभर वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ काही बाजारात मिळत नाही. दुपट्याला तीन थर पुरेत. कडेपासून सुरुवात करून आत आत येणाऱ्या चौकोनी ओळी घाल. गाठ वर दिसू देऊ नकोस, ती थरांच्या मध्ये ओढून घे. दोरा हातभरापेक्षा लांब घेतलास तर तो पिळून गुंतेल. आणि बसण्यापूर्वी दहा-बारा सुया ओवून उशीत खोचून ठेव, म्हणजे दर वेळी लय मोडणार नाही.

ही लय सांगून कळणारी नाही, पण सांगून पाहते. पहिल्या दिवशी तुझे सगळे लक्ष सुईच्या टोकाकडे असेल, बोटे टोचतील, आणि अंगुस्तान घातले तर हात परका वाटेल. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत केव्हातरी असे होते, की वरच्या हाताने सुई खाली घातली, की कापडाखालचा डावा हात तिच्या टोकाची वाट पाहत थांबलेला असतो. टोक तर्जनीला जेमतेम लागते आणि तो हात तिला वर परत पाठवतो. तीन-चार टाके सुईवर गोळा झाले, की दोरा ओढताना थरांतून सरसर असा बारीक आवाज येतो. त्यानंतर डोळे मोकळे होतात आणि डोके वेगळ्याच वाटेने चालू लागते. माझे वडील वारले त्या वर्षी मला रडू आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या धोतरांची गोधडी शिवताना, साधारण पंधराव्या ओळीला, ते आले. टाके त्या दिवसाचे वाकडे आहेत. मी ते उसवले नाहीत.

मशीनबद्दल मी कडवी नाही. दोन पन्हे जोडायचे असतील किंवा ठिगळे एकमेकांना लावायची असतील, तर ते जोड खुशाल मशीनवर घाल. पण सगळे थर एकत्र धरणारा टाका हाताचाच असू दे. मशीनचे दोन दोरे एकमेकांत घट्ट अडकतात आणि जुने कापड त्या भोकांच्या रेषेवर फाटते. हाताचा धावदोरा मात्र कापडाबरोबर थोडा हलतो, म्हणून तो जुन्याला सांभाळून घेतो. दुकानदाराचे दोन दिवस आणि तुझे चार महिने यांतला फरक अशा रीतीने कापडालाही कळतो.

मागच्या वर्षी आईची शेवटची वाकळ कडेने फाटली म्हणून मी ती दुरुस्तीला काढली. आमच्याकडे पार झिजलेली गोधडी टाकत नसत, तिलाच मधला थर करून वरखाली नवे जुनेर लावत. मी वरचा थर उसवला, तेव्हा खाली दुसरी गोधडी निघाली, चुलतीच्या हातची. तिचा टाका मी कुठेही ओळखेन, गव्हाच्या दाण्याएवढा आणि किंचित उजवीकडे कललेला. तिच्या एका कोपऱ्याला, जांभळ्या काठाच्या तुकड्याखाली, माझ्या थोरल्या भावाच्या शाळेच्या सदऱ्याचा खिसा लावलेला होता, शाईच्या डागासकट. तो डाग पडला म्हणून त्याने खाल्लेला मार मला आठवत होता. चाळीस-पन्नास वर्षे तो खिसा आमच्या सगळ्यांच्या अंगावर होता आणि कोणाला ठाऊक नव्हते. हाताने गोधडी का शिवावी, याचे कारण शब्दांत मागितलेस तर मी हा खिसा तुझ्यापुढे ठेवीन.

मुलगा असून सुई हातात धरल्याबद्दल मित्र हसतात, असे तू कंसात लिहिले आहेस. नामदेव महाराज शिंपी होते, आणि गुरुग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा येतो. हसणाऱ्यांना एवढे सांगितलेस तरी पुरे आहे.

दुपटे झाल्यावर मोठीला लाग. तिच्या नक्षीसाठी फार शोधाशोध करू नकोस. हाती असलेल्या काठांनीच नक्षी सुचू दे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी समाजाच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. त्या कडेपासून फिरत फिरत मध्यापर्यंत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची टोकदार फुले लावतात. फुलाशिवाय कवंदी उघडी राहते, असे त्या मानतात. मला ती समजूत फार आवडते. ऊब देण्याचे काम संपल्यानंतरचे जे थोडेसे जास्तीचे काम असते, चुलतीच्या हिरव्या काठासारखे, त्याला तिथे नाव आहे. तूही तुझ्या गोधडीच्या कोपऱ्यांत काहीतरी असे कर, पण ते माझ्याकडून विचारून घेऊ नकोस.

एक हिशेब मात्र करून देते. पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडीवर इंचाइंचाच्या अंतराने ओळी घातल्या, तर त्या 48 होतात. इंचाला तीन टाके धरले, तर एका ओळीत 243 आणि सगळे मिळून साडेअकरा हजारांहून अधिक टाके पडतात. हा आकडा तुला घाबरवण्यासाठी दिलेला नाही. बचत गटातल्या बाया प्रदर्शनात हाताची गोधडी विकायला ठेवतात आणि आपल्यातले शिकलेले लोक तिच्यासाठी शंभर रुपयांची घासाघीस करतात, ते मला पाहवत नाही. तू स्वतः 48 ओळी घातल्यावर ती घासाघीस तुझ्या तोंडून निघणार नाही, एवढी माझी खात्री आहे.

आणि शिवून झाली की ती भिंतीवर टांगू नकोस. हल्ली घरे सजवणारे लोक तसे करतात आणि तिच्यावर दिवाही सोडतात. गोधडीवर चहा सांडला पाहिजे, तिच्यात तापाने फणफणलेले कोणीतरी झोपले पाहिजे, ती दर वर्षी घट बसण्याआधी धुतली गेली पाहिजे. तुझ्या सदनिकेत नदी नाही हे मला ठाऊक आहे; गच्चीवर मोठ्या टबात धू, पण पिळायला दुसऱ्या कोणाला तरी बोलाव.

पुढच्या महिन्यात इकडे येणार आहेस, तेव्हा दुपटे अर्धे झालेले असले तरी घेऊन ये. मी आधी उलटी बाजू पाहीन, हे तुला शाळेपासून माहीत आहे. माझी स्वतःची एक गोधडी दिवाळीपासून तीन ओळींवर थांबून राहिली आहे, कारण सुईचे नेढे आता मला दिसत नाही. आल्यावर दहा-बारा सुया ओवून देऊन जा.

तुझ्या
बाई