दुपारी दोनला बंद पडणारा कॉम्प्युटर

प्रश्न : आमचं घर टिनाचं, गाव आर्वी तालुक्यातलं. मुलीच्या अभ्यासासाठी जुना डेस्कटॉप घेतला. होळीपर्यंत त्याच खोलीत कापूस भरलेला होता. सकाळी कॉम्प्युटर छान चालतो, पण मे लागल्यापासून दुपारी दोनच्या सुमारास आधी रेंगाळतो आणि मग एकदम बंद पडतो. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. कूलरच्या तोंडाशी ठेवला की चालतो. तसाच ठेवू का भाऊ?

उत्तर : ताई, मदरबोर्डवर पैसे घालू नका, निदान आत्ता तरी. सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो, ही खूण तापण्याची आहे. बहुतेक प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपा, 100 अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापत राहिले तर मशीन बंद करतात. तुमचा कॉम्प्युटर स्वतःला वाचवतो आहे.

आतला पंखा खोलीतलीच हवा ओढतो. नवतपात टिनाखालची खोली 43-44 अंशांवर असली, तर प्रोसेसर त्याच्याखाली येणारच नाही. हिवाळ्याच्या मानाने खोली जितकी तापली, साधारण तितकाच तोही वर चढतो. त्यात तुमच्याकडे कापूस होता, आणि माझा खरा संशय तिथेच आहे. कापसाचं तूस प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या, पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर गोधडीसारखं बसतं. वरून पंखा गरगर फिरताना दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. हवा मात्र पात्यांपर्यंत पोचतच नाही.

सकाळी, मशीन थंड असताना प्लग काढा. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा, पात्यांवरचा पंखा सोडवा आणि रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने पात्यांच्या फटी मोकळ्या करा. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. ओला कपडा नको. पाती प्रोसेसरवरून उचलावी लागली, तर मधली जुनी पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पात्यांत पोचवणारा लेप) लावा, वाटाण्याएवढी पुरते. पॉवर सप्लायची डबी मात्र अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा करंट साठून राहतो. तिची धूळ बाहेरूनच उडवा.

आता कूलर. खोलीत तो जरूर चालवा, समोरची खिडकी उघडी ठेवा, पण झोत कॉम्प्युटरवर नको. ताट्यांतून पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ते क्षार आणि तूस मिळून बोर्डावर चिखल बसतो, आणि मग मदरबोर्ड खरोखरच जातो. कॅबिनेट जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब. धूळ नको म्हणून काही जण चालू मशीनवर कापड टाकतात, ते काढा. मुलीला जमत असेल तर तिने दुपारच्या ऐवजी सकाळी बसावं.

साफ करूनही बंद पडला, तर त्या क्षणी घरातला बल्ब मंदावतो का ते पाहा. मंदावत असेल तर दोष व्होल्टेजचा आहे, मग चांगला यूपीएस घ्यावा लागेल. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. आणि रोहिणी-मृगात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागणार नाही. प्लग काढा, इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर तीही काढून ठेवा.