मध्ययुगीन चर्चमधलं नाटक कसं सुरू झालं आणि ते बघायला कोण असायचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'अडाणी लोकांना बायबल कळावं म्हणून पाद्र्यांनी नाटकं सुरू केली असं नोट्समध्ये आहे, हे बरोबर का?' त्या नोट्स आम्हालाही होत्या. रद्दीत घाला.

दहाव्या शतकात, ईस्टरच्या म्हणजे येशू मरणातून उठला त्या दिवशी, उजाडायच्या आत मठातल्या प्रार्थनेला कोण असणार? मुख्यतः मठातलेच लोक. भाषा लॅटिन, तीही गाऊन. विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी ९७३च्या सुमारास इंग्लंडमधल्या मठांसाठी नियमावली केली. तिच्यात चक्क रंगसूचना आहेत. एकाने पांढरा झगा घालून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने येशूची कबर म्हणून ठरवलेल्या जागी जायचं आणि हातात झावळी धरून गप्प बसायचं. मग तिघांनी धुपाटणी घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखं, पावलापावलाने यायचं. बसलेला तो देवदूत, येणाऱ्या त्या तीन बाया. कुणाला शोधताय? नाझरेथच्या येशूला. तो इथे नाही, उठला आहे. मग ते तिघे कबरीतलं रिकामं कापड उचलून सगळ्यांना दाखवतात, स्तोत्र सुरू होतं आणि चर्चच्या सगळ्या घंटा एकदम वाजतात. हाच संवाद फ्रान्समधल्या लिमोज आणि स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलच्या त्याआधीच्या हस्तलिखितांतही सापडतो. सुरुवात म्हणतात ती ही.

आता मी एवढी का तापलेय ते सांगते. मी वसईची. आमच्या धर्मग्रामात गुड फ्रायडेला क्रुसाची वाट, म्हणजे क्रूस वाहून नेणाऱ्या येशूचा शेवटचा प्रवास, करून दाखवायचे. मी यरुशलेमच्या रडणाऱ्या बायांतली एक, डोक्यावर आईची जुनी चादर. सैनिकांची शिरस्त्राणं पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. चाबूक म्हणजे लाल रंगात बुडवलेली सुती दोरी, तिचे शिंतोडे आमच्याही अंगावर. येशू तिसऱ्यांदा पडला, सैनिकाने दोरी उगारली, तेवढ्यात गर्दीतून एक आजी पुढे आली आणि तिने त्याचा हातच धरला. "पुरे कर रे मेल्या, किती मारशील!" पोरगं गोंधळलं. तिच्याच आळीतलं ते. येशू झालेला दादा तसाच धुळीत पडून. कुणी हसलं नाही. शेवटी फादरांनी आजीला हाताला धरून बाजूला नेलं, ती चालता चालता पदराने डोळे पुसत होती.

पुढे एका नाट्यशिबिरात मी हे कौतुकाने सांगितलं. मार्गदर्शक म्हणाले, "बाई, ते नाटक नव्हे, तो विधी. प्रेक्षक वेगळा झाल्याशिवाय नाटक होत नाही." आणि फळ्यावर बाण काढले: वेदी, चर्चचं दार, बाजार, रंगमंच. विधी म्हणजे नाटकाचं बाळपण, बाजारात आलं तेव्हा ते वयात आलं म्हणे. मी तेव्हा गप्प बसले, नवखी होते.

तर हे त्यांच्यासाठी. विंचेस्टरची नियमावली स्वतःच सांगते की हे सगळं कबरीवर बसलेल्या देवदूताचं आणि सुगंधी द्रव्यं घेऊन आलेल्या बायांचं अनुकरण म्हणून करायचं. करणाऱ्यांना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. आणि तो बाण? नाटकाचे अभ्यासक ई. के. चेंबर्स यांच्या १९०३च्या ग्रंथापासून तो रूढ झाला, दुसरे अभ्यासक हार्डिसन यांनी १९६५मध्ये त्याचे वाभाडे काढले. सन बघा ना. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या रस्त्यांवर गाड्यांवरून व्हायच्या त्या नाटकांचा पहिला उल्लेख १३७६चा. भाषा इंग्रजी, बायबलमधला एकेक प्रसंग एकेका धंद्याचे लोक करायचे: नोहाचं तारू बांधायचे जहाज बांधणारे, क्रुसावर खिळे ठोकायचे खिळे घडवणारे, बघायला अख्खं शहर. आणि त्याच सुमारास लंडनजवळच्या बार्किंगच्या मठात लॅटिन नाटक चर्चच्या आतच जोरात चालू होतं. लोकांची भक्ती थंडावलीय म्हणून मठप्रमुख कॅथरिन ऑफ सटन यांनी तिथला ईस्टरचा विधी नव्याने बसवला. सगळ्या धर्मभगिनी एका छोट्या प्रार्थनागृहात कोंडून घ्यायच्या, अधोलोकात अडकलेले आत्मे म्हणून. त्यांना सोडवायला आलेला येशू म्हणून पाद्री दार ठोठावायचा, दार उघडलं की त्या झावळ्या आणि मेणबत्त्या घेऊन गात बाहेर यायच्या. पुढे कबरीवर जाणाऱ्या तीन बायाही धर्मभगिनीच व्हायच्या. म्हणजे बाजार भरात असताना वेदीही भरात.

हां, एक राहिलं. त्याच नियमावलीत गुड फ्रायडेला क्रूस पुरण्याच्या विधीबद्दल म्हटलंय की अशिक्षित लोकांची आणि नवख्रिस्ती लोकांची श्रद्धा बळकट व्हावी म्हणून तो करावा. तेव्हा तुमच्या नोट्सना अगदीच आधार नाही असं नाही. बार्किंगलाही गावातले लोक डोळ्यांपुढे होतेच. पण सगळं नाटक त्यासाठीच जन्मलं हे मी मानत नाही.

परीक्षेत लिहायचं तर विंचेस्टर आणि बार्किंग दोन्ही लिहा. आणि तोंडी परीक्षेत कुणी 'प्रेक्षक वेगळा हवा' म्हणालंच, तर विचारा त्यांना, त्या बंद दाराआडच्या धर्मभगिनी नट होत्या की प्रेक्षक? मार्क गेले तर खाली कमेंटमध्ये कळवा, मी आहे भांडायला.